बदलतें हवामान आणि डोईवरची घागर

पंधरा लिटरांची भरलेली घागर एकदां उचलून पाहा. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो असतें. म्हणजे नुसत्या पाण्याचेंच ओझें पंधरा किलो झालें. पांच माणसांच्या कुटुंबास माणशीं ४० लिटर पाणी धरिलें, तर रोज २०० लिटर, म्हणजे तेरा-चौदा घागरी लागतात. नळ दाराशीं असेल, तर हें ओझें जाणवत नाहीं. परंतु विहीर आटली, म्हणजे तें कोणाच्या डोक्यावर येतें? बहुतेक घरीं आईच्या, आणि तिच्यामागून थोरल्या बहिणीच्या. म्हणून हवामानाचा प्रश्न केवळ भूगोलाच्या पुस्तकांतला नाहीं.

प्रथम कारण पाहूं. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डाय-ऑक्साइड वायु मिसळतो. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते; आज ते ४२० हून अधिक आहेत. हा वायु पृथ्वीची उष्णता सहज बाहेर जाऊं देत नाहीं. त्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पृथ्वीचें सरासरी तपमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढलें आहे. एका अंशामागें हवा सुमारें शेंकडा ७ अधिक वाफ धारण करूं शकते. अशी हवा एकीकडे जमिनींतील ओल लवकर शोषून घेते, आणि दुसरीकडे पाऊस आला म्हणजे तो एकदम कोसळतो. मध्य भारतांत १९५० पासून २०१५ पर्यंत विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाल्याचें शास्त्रज्ञांस आढळलें. असें पाणी जमिनींत न मुरतां मातीसह वाहून जातें.

दुष्काळ आपणांस नवा नाहीं. १९७२ सालचा दुष्काळ वडील मंडळींस आठवत असेल. परंतु तापलेल्या हवेनें त्याची झळ अधिक लागते. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें ५ लक्ष लिटर पाणी आलें. खेड्यांत मात्र आगगाडी जात नाहीं. तेथें टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. ज्या मुलीची सकाळ या रांगेंत जाते, ती शाळेंत उशिरा पोंचते. मग अभ्यासांत मागें पडते, आणि एके दिवशीं तिचें नांव पटावरून नाहींसें होतें. ही हानि कोणत्याहि पीकपाहणींत नोंदली जात नाहीं.

तथापि स्त्रिया केवळ सोसणाऱ्या नाहींत. मराठवाड्यांतील अनेक शेतकरी स्त्रियांनीं कुटुंबाच्या जमिनीपैकीं अर्धा-एक एकर आपल्याकडे घेऊन, थोड्या पाण्यावर येणारीं धान्यें, डाळी व भाज्या लाविल्या. नगदी पीक बुडालें तरी चूल पेटती राहिली. या कामीं साह्य करणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेस २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें.

आतां आपण काय करावें? एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, कीं एक लिटर पाणी मिळतें. ५० चौरस मीटरांच्या छपरावर ७०० मिलिमीटर पावसाचें ३५,००० लिटर पाणी होतें. त्यांतील कांहीं वायां गेलें, तरी उरलेलें टाकींत सांठवितां किंवा विहिरीशेजारीं मुरवितां येईल. रिकाम्या खोलींतील दिवा व पंखा बंद करावा. जवळच्या वाटेस पायीं अथवा सायकलीनें जावें. भांडीं विसळलेलें पाणी झाडांस घालावें. हे उपाय लहान आहेत, आणि एकट्यानें हवामान पालटणार नाहीं, हें खरें. परंतु एक गोष्ट उद्यांच पालटूं शकते. मुलांनो, उद्यां सकाळीं दुसरी घागर तुम्ही उचला. पालकहो, ती मुलाच्या हातीं द्या, आणि मुलीस वेळेवर शाळेंत पाठवा.