धुराची चाळणी आणि दाबाचा संवेदक

भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झाली आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल मोटारींच्या धूरमार्गात काजळी अडविणारी चाळणी आली. आरोग्य केंद्राची गाडी असो वा तालुक्यात फिरणारी जीप, एखाद्या दिवशी समोरच्या फलकावर इशाऱ्याचा दिवा लागतो, गाडीची ओढ कमी होते आणि चाळणी तुंबल्याचा निर्वाळा कार्यशाळेतून मिळतो. चाळणी महाग असते. तथापि दोष कित्येकदा चाळणीत नसून, तिची स्थिती सांगणाऱ्या लहानशा दाबसंवेदकात, म्हणजे प्रेशर सेन्सरमध्ये, अथवा त्याच्या नळ्यांत असतो.

चाळणीच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक अशा दोन बारीक नळ्या या संवेदकाकडे जातात. काजळी साचत जाते तसा दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक वाढतो. तो पाहून इंजिनाची नियंत्रणयंत्रणा काजळी जाळण्याची वेळ ठरविते. त्या वेळी चाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. संवेदकाने फरक वाजवीपेक्षा जास्त दाखविला तर ही जाळणी वारंवार होऊन डिझेल व्यर्थ जाते. कमी दाखविला तर खरोखरीचा तुंबारा झाकला जातो, आणि हे अधिक घातक.

पहिल्या परीक्षेला काहीच खर्च नाही. किल्ली चालू, इंजिन मात्र बंद, अशा स्थितीत तपासणी यंत्रावर दाबाचा फरक पाहावा. इंजिन थांबलेले असताना धूर वाहत नाही, म्हणून हा आकडा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असला पाहिजे. तसा नसेल तर थंड इंजिनावर दोन्ही नळ्या संवेदकापासून काढाव्यात. तरीही आकडा हलला नाही, तर दोष संवेदकात किंवा तारांत आहे. चाळणीचा यात संबंध नाही. चाळणी बदलण्याच्या अंदाजपत्रकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने या एका आकड्याची नोंद अवश्य मागावी. 'पी २४५३' यासारखा सांकेतिक क्रमांक मोजमाप अपेक्षेबाहेर असल्याचे सांगतो, कारण सांगत नाही.

नळ्या उष्णतेने तडकतात, काजळीने वा पाण्याने बुजतात, दुरुस्तीनंतर उलटसुलटही जोडल्या जातात. त्या हवेच्या झोताने साफ करता येतात; मात्र आधी संवेदकापासून सोडवाव्यात, अन्यथा आतील नाजूक पडदा फाटतो. तारांमध्ये सामान्यतः ५ व्होल्टचा पुरवठा, भूजोडणी आणि संकेत अशा तिन्हींची तपासणी करावी.

यानंतर इंजिन सुरू करावे. मंद गतीवर फरक अल्प असावा, वेग वाढविताच तो सलगपणे चढावा आणि पाय काढताच उतरावा. संवेदक, नळ्या व तारा निर्दोष असूनही आकडा उंचच राहिला, तरच चाळणीकडे वळावे. संवेदक नवा बसविल्यास अनेक गाड्यांत त्याचे शून्य नियंत्रणयंत्रणेत नव्याने नोंदवावे लागते. ते राहून गेले तर नव्या भागासहही दिवा पुन्हा लागू शकतो.