गव्हाच्या मुलुखात गव्हाविना

यात्रेला निघालेल्या प्रत्येकाला पोटाची चिंता असतेच. परंतु काहींना ती गव्हाच्या एका कणापासून करावी लागते. अशा रुग्णाने उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जावे की नाही? अवश्य जावे, पण माहिती करून घेऊन जावे.

प्रथम रोगाचा विचार करू. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. सिलिअ‍ॅक रोग झालेल्यांची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे त्यांच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्यातील सूक्ष्म अंकुर झिजतात, अन्नरस नीट शोषला जात नाही आणि जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ अशी लक्षणे दिसतात. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला. यावर आजन्म पथ्य हाच उपाय होय.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात हा रोग शंभरात सुमारे एकाला, तर दक्षिणेत हजारात सुमारे एकाला आढळला. भात-ज्वारी खाणाऱ्या आपल्या भागात तो फारसा परिचित नाही, याचे नवल वाटावयास नको.

माळवा हा गव्हाचा मुलूख. तेथील प्रसिद्ध दाल-बाफल्यातील बाफले म्हणजे कणकेचे गोळे. ते उकडून, भाजून तुपात बुडवितात. कचोरी, समोसा व जिलबी मैद्याची, तर भंडाऱ्यातील पुरी कणकेची. हे सारे वर्ज्य. मग खावे काय? येथे आपला उपवासच मदतीला येतो. साबुदाण्याची खिचडी, राजगिरा, शिंगाडा आणि वरी, जिला तिकडे मोरधन म्हणतात, यांत ग्लुटेन नसते. दुकानात ‘फरियाली’ म्हणून मागावे. पोहे, भात आणि मक्याचा ‘भुट्टे का कीस’ हेही मुळात निर्दोष आहेत.

‘मुळात’ म्हणण्याचे कारण असे, की खरा धोका लपलेला असतो. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या तेलात कचोरी तळली त्याच तेलात बटाटा तळला तर तोही बाधतो. बेसनाच्या लाडवात कित्येकदा रवा असतो. म्हणून “इसमें गेहूँ, मैदा, सूजी तो नहीं?” हा प्रश्न न संकोचता विचारावा. बांधीव पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का पाहावा. भारतातील नियमानुसार त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही.

सर्वांत भरवशाची शिदोरी म्हणजे आपली ज्वारीची कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी. ती पुष्कळ दिवस टिकते. मात्र गिरणीत आधी गहू दळला असेल, तर त्याचे पीठ ज्वारीत उतरते. म्हणून दळण घरच्या जात्यावर किंवा स्वच्छ केलेल्या गिरणीवर करावे. थालिपिठाच्या भाजणीतही बहुधा गहू असतो, हे विसरू नये.

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या गर्दीत प्रत्येक पंगतीत चौकशी करणे कठीण जाईल, तेव्हा शिदोरी हवीच. रुग्णाने प्रसाद कपाळी लावून सोबत्याच्या हाती दिला, तर त्यात अनादर नाही. आणि मित्रहो, आपण यजमान असू तेव्हा “एका घासाने काय होते?” असा आग्रह करू नये. त्या एका घासानेही आतड्याला इजा होऊ शकते, मग वरून काही दिसो वा न दिसो.