हुतुतू आणि पोट

हुतुतू आपण सगळे खेळलो आहोत. खळ्यात रेघ मारली, दम धरला, की झाला खेळ सुरू! पण ह्या खेळावर कुणाची चूल पेटेल, असे पूर्वी कुणाला वाटले नव्हते.

कोकणातले चाकरमाने मुंबईला गिरणीत जात. संध्याकाळी लालबाग-परळला कबड्डी खेळत. खेळ चांगला असला तर एखाद्याला पोलिसात, रेल्वेत, बँकेत नोकरी लागे. पगार नोकरीचा आणि खेळ हौसेचा.

विलायतेत रग्बी नावाचा खेळ आहे. अंड्यासारखा लांबट चेंडू काखेत धरून धावायचे आणि समोरच्यांनी त्याला लोळवायचे. तिथेही हाच प्रश्न आला. खाणीतला मजूर शनिवारी सामना खेळला की त्याचा खाडा पडे. तो म्हणाला, "बुडालेली मजुरी तरी द्या." वरचे लोक नाही म्हणाले. तेव्हा १८९५ साली उत्तरेकडचे क्लब वेगळे निघाले. जुन्या रग्बी युनियनने खेळाडूला पैसे घेण्याची मोकळीक द्यायला १९९५ साल उजाडले. मोजा बघू, किती वर्षे झाली? शंभर!

आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी लीग निघाली. तिथे खेळाडूंचा लिलाव होतो. बंदरावर मासळीची बोली लागते ना, तशीच. मात्र इथे माणूस विकत नाहीत. त्याच्या खेळाची बोली होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई घ्या. चढाई करण्यात पटाईत. २०१८ साली यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. हा आकडा बोट ठेवून वाचा. त्या वर्षी एवढी बोली दुसऱ्या कुणालाच लागली नाही.

मग २०२१ च्या हंगामात त्याचा खांदा दुखावला. चढाई करणाऱ्याचा खांदा म्हणजे होडीचे सुकाणू. त्याला हंगाम सोडून बाहेर बसावे लागले, आणि पुढच्या लिलावात बोली खूप खाली आली. गडी हटला नाही. २०२३ साली हरयाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा १ कोटीला घेतले.

जयगडच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, पण पोट बंद नसते. खेळाडूचेही तसेच. लीग चालते दोन-तीन महिने, आणि अंगात जोर असतो फार तर पस्तिशीपर्यंत. म्हणून करारावर सही करण्याआधी त्याने विचारायचे असते : दुखापत झाली तर औषधपाणी कोण करणार? खेळता आले नाही तर पैसे किती मिळणार? अंगठा उठवून हे कळत नाही.

आता रग्बीही इकडे आली आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत तिची लीग झाली. सहा संघ होते. आपली मुले परदेशी खेळाडूंच्या जोडीने उतरली. मूळ खेळात एका बाजूला पंधरा गडी असतात, पण इथे सातच होते. हुतुतूतही सातच की!