नुसता ठेवलेला गर्डर

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची. मराठीत एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने पत्र्याच्या शेडचं डिझाइन केलं. पत्र्याचं वजन, ट्रसचं वजन, दुरुस्तीला वर चढणाऱ्या माणसाचं वजन, सगळं धरलं. सरांनी शीट बघून एकच प्रश्न विचारला, "आणि छप्पर उडालं तर?" आम्ही गप्प! वारा छप्पर वर खेचतो, हे धरलंच नव्हतं. शिक्षा म्हणून 'किरिल' वादळाचा अभ्यास करायला मिळाला. तोच इथे मांडते.

१८ जानेवारी २००७ ला किरिल ब्रिटन, नेदरलँड्स, जर्मनी, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकावरून गेलं. आपलं चक्रीवादळ समुद्राच्या उष्णतेवर जगतं, जमिनीवर आलं की दमतं. युरोपातलं हिवाळी वादळ थंड आणि उबदार हवेतल्या फरकावर वाढतं, त्यामुळे ते जमिनीवरूनही लांबवर जातं. म्हणूनच एका फटक्यात इतके देश सापडले. चाळीसहून अधिक माणसं गेली. लाखो घरांची वीज गेली. जर्मन रेल्वेने देशभरातल्या गाड्या थांबवल्या. वेंडेलस्टाइन शिखरावर वाऱ्याचा वेग ताशी २०२ कि.मी. नोंदला गेला.

पण माझ्या लक्षात राहिलं ते बर्लिनचं मुख्य स्टेशन. २००६ मध्येच सुरू झालेलं, अगदी नवं कोरं. त्याच्या दर्शनी भागातला टनाहून जड गर्डर सुमारे ४० मीटरवरून खाली आला. सुदैवाने कुणाला लागलं नाही. कारण काय, तर ते आडवे गर्डर आधारांवर नुसते ठेवलेले होते. एवढं वजन कुठे हलणार?

आता गणित बघू. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सूत्र आहे: दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला २० मीटर असेल तर दर चौ. मीटरला २४० न्यूटन. वेग दुप्पट, म्हणजे ४० झाला, की ९६० न्यूटन. चौपट!

वजन जास्त धरलं की आपण सेफ, असं मला वाटायचं. पण उचलणाऱ्या वाऱ्यासमोर वजन आपल्या बाजूने लढतं, तिथे ते जास्त धरणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. आम्ही शेड पुन्हा सोडवली. ट्रस तोच राहिला, पत्र्याचे बोल्ट मात्र वाढले.

मित्रांनो, डिझाइन करताना 'हे पडेल का?' विचारतोच आपण. 'हे उडेल का?' तेही विचारा. खाली कुणीतरी उभं असतं.