शाळेतील संगणकांचे जाळे : निगा आणि निदान

आपल्या ट्रस्टच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी साहित्यिक नव्हे. ट्रस्टच्या बेळगाव येथील शाळेतील संगणकांची देखभाल गेली काही वर्षे मी हौसेने पाहतो, एवढाच माझा अधिकार. तेव्हा याच विषयावरील चार उपयोगी गोष्टी सांगाव्या, आणि आरंभी स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगावी, असे ठरविले.

दहावीच्या विद्यार्थ्यांची नावे संगणकावरून परीक्षा मंडळाकडे पाठविण्याचा तो अखेरचा दिवस होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास शाळेतील सगळे संगणक एकाएकी मुके झाले. कार्यालय, ग्रंथालय, संगणक-कक्ष, कोठेच काही चालेना. नुकताच सातवीचा वर्ग त्या कक्षातून बाहेर पडला होता. सर्वांत शेवटी निघालेल्या मुलावर संशय गेला आणि त्याला कार्यालयाबाहेर उभे करण्यात आले. इंटरनेट पुरविणाऱ्यांना आम्ही दूरध्वनीवरून बोल लावले. यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली. असे तीन तास गेले. शेवटी मी स्विचमधील एकेक तार काढून पाहू लागलो, तेव्हा एक तार निघताच सारे काही सुरळीत झाले. ती तार दोन्ही टोकांनी एकाच स्विचमध्ये बसविलेली होती. पाहुणे येणार म्हणून मधल्या वेळी कक्ष आवरताना लोंबकळणारे मोकळे टोक पाहून मीच ते जवळच्या खोबणीत खोचले होते!

नावे वेळेत गेली. मी त्या मुलाची व त्याच्या वडिलांची क्षमा मागितली. पण ते तीन तास त्याला परत देता आले नाहीत. बिघाड शोधण्याची रीत ठाऊक नसली, म्हणजे दोष सर्वांत दुबळ्याच्या माथी जातो, हे त्या दिवशी कळले.

असे का झाले?

स्विच हा जाळ्यातील टपाल कार्यालयासारखा असतो. ज्याचे पत्र त्याला पोचविणे हे त्याचे काम. परंतु काही निरोप ‘सर्वांस कळावे’ अशा स्वरूपाचे असतात. ते तो प्रत्येक दारी धाडतो. तारेचे कडे झाले की असा निरोप एका दारातून निघून दुसऱ्या दाराने परत येतो, आणि स्विच तो नवा समजून पुन्हा सर्वांकडे धाडतो. क्षणार्धात निरोपांचा असा पूर येतो की खऱ्या पत्रांना वाटच उरत नाही. स्विचवरील सारे दिवे एकदम, अखंड व वेगाने लुकलुकू लागतात, ही त्याची खूण.

रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली यावर उपाय शोधला. त्यामुळे स्विच आपसांत बोलून कड्यातील एक वाट आपणच बंद ठेवतात. स्वस्त स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते. म्हणून खरेदीच्या वेळी अवश्य विचारावे. मात्र केवळ त्यावर विसंबू नये. बोस्टन येथील एका मोठ्या रुग्णालयाचे जाळे नोव्हेंबर २००२ मध्ये अशाच प्रकारच्या गोंधळाने कित्येक दिवस कोलमडले आणि डॉक्टरांना पुन्हा कागदावर लिहावे लागले.

निगा

१. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस एकच क्रमांक चिकटवावा आणि कोणती तार कोठून कोठे जाते त्याचा नकाशा भिंतीवर लावावा.

२. तांब्याची तार एका टप्प्यात १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये. विजेच्या तारांना खेटून तर नेऊच नये.

३. एका इमारतीतून दुसरीत जाताना काचतंतूची तार घालावी. वळवाच्या पावसात कडाडणारी वीज तांब्याच्या तारेवाटे यंत्रे जाळू शकते. काचेतून वीज वाहत नाही.

४. स्विच कुलपाच्या कपाटात, पण हवा खेळेल असा ठेवावा. धूळ पुसावी, उंदरांचा बंदोबस्त करावा.

५. घरचा जुना राउटर कोणीही परस्पर आणून जोडू नये. तोही संगणकांना पत्ते वाटू लागतो आणि एका गावात दोन तलाठी झाल्यासारखे होते.

६. परवलीचे शब्द लिहून, मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावेत.

निदान

बिघाड झाला की प्रथम हात मागे ठेवावेत आणि विचारावे : बंद काय आहे? एकच संगणक, एक खोली, की सारी शाळा? एकच असेल तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या तारेत. खोली असेल तर तेथील स्विचमध्ये. सारी शाळा असेल तर मुख्य स्विच, राउटर वा बाहेरची जोडणी पाहावी. दुसरा प्रश्न : कालपासून काय बदलले? तो मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारला असता, तर तीन तास वाचले असते.

त्यानंतर खालून वर जावे. तार बसली आहे का, तिच्यापाशी दिवा लागतो का, हे पाहावे. खात्रीची दुसरी तार लावून पाहावी. मग संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्रापर्यंत संगणकाची हाकच पोचलेली नाही किंवा ते यंत्र बंद आहे, असे समजावे.

पुढे ‘पिंग’ ही आज्ञा वापरावी. माइक म्यूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, तसेच हे आहे. आधी राउटरला हाक द्यावी, मग बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला, शेवटी नावाला. राउटर ओ देतो पण बाहेरून उत्तर नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत. अंकाला उत्तर येते पण नावाला येत नाही, तर नावावरून पत्ता सांगणारी सेवा बिघडली आहे.

एका वेळी एकच बदल करावा. गुण आला नाही तर पूर्ववत करून मगच दुसरा करावा. प्रत्येक बिघाडाची तारीख, लक्षण, कारण व उपाय वहीत लिहावा. आमच्या वहीतील पहिली नोंद माझ्याच चुकीची आहे.

जाता जाता सभासद बंधुभगिनींस एक विनंती. आपण शाळेला संगणक देता, त्यावर वडीलधाऱ्यांचे नाव घालता, हे उचितच आहे. तारा, कुलूप आणि वहीसाठी मात्र देणगी येत नाही. तीही यावी. ज्यांची मुले या व्यवसायात आहेत, त्यांनी सुटीत घरी आल्यावर एक दिवस शाळेत येऊन शिक्षकांना ही रीत शिकवावी. म्हणजे पुन्हा एखादे निरपराध मूल कार्यालयाबाहेर उभे राहणार नाही.