घसरलेल्या बंधूला शाप देऊ नका

मद्य सोडलेल्या माणसाची परीक्षा पहिल्या आठवड्यात संपत नाही. शरीर काही दिवसांत सावरते. मन मात्र जुन्या सोबत्यांकडे, पगाराच्या संध्याकाळी, वर्षांनंतरही ओढ घेते. महिनोन्महिने दूर राहिलेला बंधू एखाद्या दिवशी घसरतो आणि घरात शापांचा वर्षाव सुरू होतो.

सहीह बुखारीतील एक प्रसंग येथे आठवावा. प्रेषितांच्या (स.) काळात अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते. ते प्रेषितांना (स.) हसवीत असत. मद्यपानाबद्दल त्यांना पूर्वी शिक्षा झाली होती. त्याच अपराधासाठी त्यांना पुन्हा आणले गेले. हा किती वेळा आणला जातो, असे म्हणत एकाने त्यांना शाप दिला. प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि हा माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी साक्ष दिली. लक्षात घ्या, शिक्षा टळली नाही, मद्यही हरामच राहिले. थांबवला गेला तो केवळ शाप.

तेव्हा घसरलेल्याच्या हाती पैसे देऊ नका, त्याच्यासाठी कामावर खोटे निरोप धाडू नका. परंतु फजरला त्याला हाक मारा, मशिदीत सोबत न्या. जेवताना जुना हिशेब काढू नका. (आपल्या घरांत हेच सर्वांत अवघड!) आणि रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास कंप, भ्रम, झटके येऊन ते जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. उपचार करून घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, औषध घेण्यास प्रेषितांनीच (स.) सांगितले आहे.