अर्जुनाचं ऐकून घेणारा कुणीतरी होता



आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते अध्याय २, श्लोक ११

पहिल्या अध्यायाचं नावच आहे अर्जुनविषादयोग. अर्जुन काय काय सांगतो बघा. अंग गळालंय, तोंडाला कोरड पडलीय, कापरं भरलंय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. आणि हे सांगणारा साधासुधा माणूस नाही, मोठा धनुर्धर आहे. म्हणजे शूर माणसाचं मनही खचू शकतं, हे गीता पहिल्याच अध्यायात सांगून टाकते.

आता श्रीकृष्णाकडे बघा. अर्जुन मन मोकळं करत असताना भगवंत त्याला मध्येच तोडत नाहीत. नंतर दोन श्लोकांत कानउघाडणी करतात, पण तेवढ्यानं अर्जुन उठत नाही. तो पुन्हा व्यथा सांगतो, मार्ग विचारतो आणि गप्प बसतो. खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून. नुसतं 'हिंमत धर' म्हणून भागलं असतं, तर गीता दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकातच संपली असती!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हे वाचताना गावाकडची पोरं आठवतात. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान शहीद झाले. त्यांत मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. शहिदांसाठी आपण रस्त्यावर उभे राहतो, राहायलाच हवं. पण जो जिवंत परत येतो आणि रात्र रात्र झोपत नाही, त्याच्याजवळ कोण बसतं?

माझा एक मावसभाऊ फौजेत आहे. सुट्टीवर आला की मध्यरात्री ओट्यावर बसून असतो. घरचे म्हणतात, "फौजी गडी तू, तुले काय झालं?" हा प्रश्न नाही, तोंड बंद करणं आहे. शिवाय युनिटमध्ये कळलं तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, ही धास्ती वेगळीच.

नामस्मरण करावंच. पण भगवंत कधी डॉक्टरच्या, कधी समुपदेशकाच्या रूपानंही रथावर येऊन बसतात. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि कुणीही फोन करू शकतं. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालाय. आणि जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आजचा संकल्प : ओळखीच्या एका जवानाला फोन करायचा. सीमेवरच्या गोष्टी विचारायच्या नाहीत. "झोप लागते का रे?" एवढंच विचारायचं आणि तो बोलेल तोवर ऐकायचं.

हे पार्थसारथी, आम्हाला सल्ला देण्याआधी ऐकायला शिकव.

राम कृष्ण हरी!